आईंना आता परफ्यूम कशाला?

दिवाळी अंकाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. म्हणाल्या, "शैलाताई, उभं आयुष्य परफ्यूमच्या काउंटरवर काढलंत, तुमच्या सुगंधी आठवणी लिहून द्या ना." सुगंधी आठवणी! मी म्हटलं, बाई, शनिवारी संध्याकाळी कधी परफ्यूमच्या काउंटरमागे उभ्या राहिलायत का? पन्नास बाटल्यांचे वास एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, वरून एसीचा कुबट वारा, समोरच्या दुकानातून पॉपकॉर्नचा भपकारा, आणि गिऱ्हाईक दुपारी जे काही जेवून आलंय ते वेगळंच. घरी गेल्यावर मला फक्त आल्याच्या चहाचा वास लागायचा, दुसरा नको. पण बाई ऐकेनात. म्हणून लिहितेय, आता सुगंधी निघालं तर तुमचं नशीब.

सुरुवात केली ती दादरला. टिकल्या, बांगड्या, केसांचे आकडे असलं सगळं ठेवणारं दुकान, आणि कोपऱ्यात एक काचेचं कपाट, त्यात अत्तरं आणि सेंट. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. पुढे मालक थकले, दुकान गेलं, आणि मी परळच्या मॉलमध्ये लागले. काळी पँट, काळा शर्ट, गळ्यात काही घालायचं नाही, टिकली चालेल पण बारीक. माझ्या सासऱ्यांनी त्याच आवारात गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले होते. तेव्हा तिथे धूर फुकट मिळायचा. आता आम्ही तिथेच धुराचा वास बाटलीत भरून विकत होतो, आणि बाटलीवर काहीतरी फ्रेंच लिहिलेलं असायचं. लोक ती बाटली नाकाशी धरून डोळे मिटून "वॉव" म्हणायचे. सासरे असते तर पोट धरून हसले असते.

धंदा कसा असतो ते आधी सांगते, कारण परफ्यूम लावतात सगळे, पण लावता येतं फार थोड्यांना. बाटली दाबल्या दाबल्या जो वास येतो ना, तो निव्वळ दाखवायचा. लिंबू, संत्रं आणि स्पिरिट. थोड्या वेळात तो उडून जातो. मग हळूहळू फुलं येतात. ती दुपारपर्यंत नांदतात, आणि संध्याकाळी तळाला उरतं ते चंदन नाहीतर व्हॅनिला नाहीतर आणखी काही लाकूड. गिऱ्हाईक पहिल्या वासाला भुलून पैसे टाकतं आणि घरी नेतं ते लाकूड. मग आठवड्याने भांडायला येतं, की बाटली बदलली तुम्ही.

म्हणून मी कागदाच्या पट्टीवर कधी वास दिला नाही. कागदाला घाम येत नाही. माणसाच्या अंगाची ऊब लागल्याशिवाय फुलाला तोंड फुटत नाही. मनगट पुढे करा, एकच फवारा, आणि आता जा. चपला बघा, कॉफी प्या, नवऱ्याशी भांडा, आणि अर्ध्या तासाने परत येऊन सांगा. पण लोकांना तेवढा दम कुठला? मनगटावर मनगट खसाखसा घासतात, कपडे धुतल्यासारखं, आणि लगेच विचारतात, "टिकेल ना पण?" एका साहेबांनी असंच दहादा विचारलं, दिवसभर टिकेल का, दिवसभर टिकेल का. माझ्या तोंडून निसटलं, "साहेब, तुम्ही तरी दिवसभर टिकता का ऑफिसात?" त्यांच्या मिसेस इतक्या हसल्या की साहेबांना दोन बाटल्या घ्याव्या लागल्या.

काउंटरवर वाटीत कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात. बरेच वास घेतले की नाक बधिर होतं, मग त्या हुंगायच्या. एका गृहस्थांनी चिमूटभर उचलून सरळ तोंडात टाकल्या आणि चावत चावत मला म्हणाले, "जरा जास्त भाजल्यात." आता अशा माणसाला काय सांगायचं? मी म्हटलं, हो, वर कळवते.

आणि लालबागचा तो मुलगा मी कधी विसरणार नाही. नवीन टॉवरमध्ये फ्लॅट मिळालेला, बायको नवी, आणि चेहरा एवढासा. हळूच म्हणाला, "काकी, काहीतरी स्ट्राँग द्या. घरात बांगडे तळले की शेजारी तक्रार करतत. दाराबाहेर मारूक होयो." ज्या जमिनीवर याच्या आज्याने आयुष्यभर बांगडा खाल्ला, त्याच जमिनीवर बाविसाव्या मजल्यावर याला बांगडा लपवायला फ्रेंच परफ्यूम लागत होतं. मी त्याला सांगितलं, "बाबा, मोगऱ्यात तळलेला बांगडा असा वास येईल. ते शेजारी मरतील आणि तू तुरुंगात जाशील." शेवटी त्याला काही न विकता पाठवलं, आणि सांगितलं की पुढच्या वेळी तळलास की दोन तुकडे शेजारी नेऊन दे. नेले की नाही देव जाणे. मॅनेजर अंकित माझ्या मुलाच्या वयाचा. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सेल घालवला." मी म्हटलं, बिल्डिंग वाचवली.

आता गोड फुलांच्या वासाकडे येते, कारण खरं सांगायचंय ते त्याबद्दलच.

आपल्याकडे माणूस जरा शिकला, जरा वरच्या मजल्यावर राहायला गेला, की त्याला पहिल्यांदा नकोसा होतो तो गोड वास. मोगरा म्हटलं की "आंटी वाटतं." निशिगंध म्हटलं की "लग्नाचा हॉल वाटतो." गुलाब म्हटलं तर सरळ "अगरबत्ती." मग त्यांना काय हवं? चामडं, तंबाखू, ओलं लाकूड, जळकं लाकूड. एक पोरगी अभिमानाने म्हणाली, "मला असं हवंय की कळलंच नाही पाहिजे मी काही लावलंय." मी म्हटलं, मग साबणाने आंघोळ कर की गं, एवढे पैसे कशाला घालवतेस? आणि गंमत म्हणजे हीच मंडळी, शेजारी कोणी नाही असं बघून, गुपचूप त्या गुलाबी बाटलीचा टेस्टर उचलायची. खोल श्वास घ्यायची. चेहरा सैल व्हायचा. आणि माझी नजर गेली की बाटली खाली ठेवून म्हणायची, "टू स्वीट."

ती गुलाबी बाटली निशिगंधाची. त्यात थोडा मोगरा, तळाला व्हॅनिला. कंपनीने तिला काय नाव दिलं होतं ते सोडा, आम्ही सगळे तिला निशिगंधवालीच म्हणायचो. नाक मुरडणारे शंभर, पण जन्मभर घेणारीही काही माणसं होती, आणि त्यात पहिल्या होत्या सुलभाताई.

सुलभाताई माझ्या दादरच्या दुकानापासूनच्या. पोस्टात काउंटरवर होत्या, नायगावला राहायच्या. अंगाने बारीक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं असं की समोरचा तिकीट न चिकटवताच परत जावा. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "मला गोड वास दाखव. चांगला गोड. मी गोड आहे म्हणून नाही हं, घरात कोणीतरी गोड असावं म्हणून." मी निशिगंध दाखवला. त्यांनी मनगट पुढे केलं, फवारा घेतला, आणि मी सांगण्याआधीच बाहेर जाऊन फुलबाजाराकडे चक्कर मारून आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "दे. आता आलं फूल."

आता हे नीट ऐका. एकच परफ्यूम प्रत्येकाच्या अंगावर वेगळं लागतं. कोरड्या कातडीवर उडून जातं, तेलकट कातडीवर चिकटतं, काहींच्या अंगावर निशिगंध चक्क साबण होतो. सुलभाताईंच्या अंगावर तो जसा उमलायचा तसा मी दुसऱ्या कोणाच्या अंगावर पाहिला नाही. आधी गोड, मग देठ मोडल्यावर येतो तसा हिरवा, आणि मग पुन्हा गोड, पण शांत. मी तर म्हणायचे, कंपनीने यांना पगार द्यावा. त्या लावायच्याही पद्धतशीर. दोन्ही मनगटं, कानांमागे, आणि साडीच्या पदराच्या टोकाला एक. म्हणायच्या, "शैला, दिवसभर लोकांच्या घामट मनिऑर्डरी घ्यायच्या तर मधे मधे पदर नाकाशी नेता यायला हवा."

दादरचं दुकान गेलं तरी त्यांनी मला शोधून काढलं आणि मॉलमध्ये येऊ लागल्या. रिटायर झाल्या, मुलाने करी रोडला टॉवरमध्ये घर घेतलं तिथे राहायला गेल्या, तरी दसऱ्याच्या आधी आणि संक्रांतीच्या आधी सुलभाताई हजर. आणि मग एका वर्षी दसरा गेला, दिवाळी गेली, सुलभाताई नाहीत. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं, पण काउंटरवर गर्दी, मी म्हटलं तब्येत बरी नसेल.

संक्रांत जवळ आली आणि त्यांची सून आली, ऋतुजा. सासूबरोबर एकदोनदा आली होती म्हणून मी ओळखलं. हसतमुख मुलगी, चांगल्या नोकरीत, बोलणं भराभर. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये हळदीकुंकू होतं, वाण म्हणून छोट्या छोट्या परफ्यूमच्या बाटल्या वाटायच्या होत्या, मोठी ऑर्डर होती. मी विचारलं, "सुलभाताई कशा आहेत? बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत."

"अहो, बाबा गेले ना आमचे. गणपतीच्या आधी."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "अरे रे. त्यांना सांगा मी विचारलं म्हणून. आणि थांबा, त्यांची बाटली देते बरोबर."

"नको नको, मावशी. आईंना आता परफ्यूम कशाला?"

"का? त्यांनी सोडलं?"

"सोडलं म्हणजे... आम्ही काही बोललो नाही हां. आम्ही खूप ओपन आहोत. पण बरं नाही ना दिसत, एवढा गोड वास, असं घरात सगळं झालेलं. लोक काय म्हणतील! म्हणून मीच बाटली कपाटातून काढली. नवीकोरी होती, लताला देऊन टाकली, आमच्या कामवालीला. वेस्ट कशाला करायची?"

ओपन! मी ऑर्डर लिहून घेत होते म्हणून बरं, नाहीतर माझी जीभ सुटली असती. पण ऋतुजाचं अजून संपलं नव्हतं. वाणासाठी वास निवडायचा होता. तिने जळकं लाकूड हुंगलं, ओलं लाकूड हुंगलं, आणि शेवटी म्हणाली, "हळदीकुंकू आहे तर काहीतरी ट्रॅडिशनल हवं. ते गुलाबीवालं द्या." म्हणजे सासूच्या अंगावर जो बरा दिसत नव्हता, तो सोसायटीभर वाटायला चालत होता. आणि मग तिला सुचलं, "मावशी, तुम्ही स्वतः याल का? पूर्वी कसं एक बाई सगळ्यांच्या हाताला अत्तर लावायची, तसं. तुम्ही एक्स्पर्ट आहात, किती ऑथेंटिक वाटेल!" अंकित बाजूलाच होता, त्याने माझ्या वतीने लगेच होकार देऊन टाकला.

आता इथे एक गोष्ट सरळ सांगते. माझा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली. ऋतुजाने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. का सांगू? पंखा दुरुस्त करायला माणूस येतो तेव्हा त्याला कोणी विचारतं का, तुझी बायको आहे का रे? मला कामाला बोलावलं होतं, मी कामाला निघाले. आणि तिला तरी कळणार कसं? हल्ली सवाष्णी मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवतात आणि आम्ही टिकली काढत नाही. रस्त्यावर कोण काय आहे ते ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हळदीकुंकू म्हणजे नवरा असलेल्या बायकांचा कार्यक्रम. हळद, कुंकू, हाताच्या मागच्या बाजूला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटी आणि वाण. ज्यांचा नवरा गेला त्यांनी आत बसायचं. आत म्हणजे कुठे, तर जिथे चहा उकळत असेल तिथे.

रविवारी दुपारी बाटल्यांची पेटी घेऊन मी गेले. क्लबहाउस काय सजवलं होतं! पतंग, हलव्याचे दागिने घातलेली पुठ्ठ्याची बाई, तिच्या तोंडाच्या जागी भोक, त्यातून तोंड काढून फोटो. सगळ्या बायका काळ्या साड्यांत, एकीसारखी दुसरी. ऋतुजाने माइक घेतला आणि भाषण केलं, की आजचा दिवस प्रत्येक स्त्रीचा आहे, प्रत्येक स्त्रीत एक शक्ती आहे, टाळ्या. मी मनात म्हटलं, एक शक्ती कुठे दिसत नाही ती?

ती शक्ती हॉलच्या मागच्या टोकाला पॅन्ट्रीत, मसाला दुधाचं पातेलं ढवळत उभी होती. फिकट साडी, केस घट्ट बांधलेले. मी पाणी प्यायला म्हणून तिकडे गेले. सुलभाताईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.

"शैला! तू इथे?"

"तुमच्या सूनबाईंनी बोलावलंय. एक्स्पर्ट म्हणून. तुम्ही इथे काय करताय?"

"आईंना काम करायला आवडतं, असं तिने सगळ्यांना सांगितलंय," त्या म्हणाल्या. "मग आता आवडून घेतेय."

मी विचारलं, कशा आहात. त्या पातेल्यात डाव फिरवत म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते, हसू नकोस. ती बाटली लताला दिली ना हिने. ती सकाळी भांडी घासायला येते तीच घमघमत. तिच्या अंगावर जरा वेगळा लागतो गं, पण आहे तोच. मी तिच्या मागे मागे फिरते स्वयंपाकघरात. ती म्हणते, आजी, मी काही चोरत नाही, बसा तुम्ही. आता तिला काय सांगू, मी काय हुंगतेय म्हणून?"

मी हसले नाही. मला राग आला, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली. पोस्टात शंभर माणसांना सरळ करणारी बाई, आणि स्वतःच्या घरात स्वतःचा वास कामवालीच्या अंगावरून चोरून घेत होती.

"मागून घ्या ना," मी म्हटलं. "तुमचे पैसे, तुमचं अंग."

"मागायला काय, मागेन गं. पण मागितलं की ती नाही म्हणणार नाही, मुलगा नाही म्हणणार नाही. दोघं एकमेकांकडे बघतील. ते बघणं नको वाटतं."

तेवढ्यात मला हाक आली. अत्तराचा कार्यक्रम सुरू. मी टेबलामागे उभी राहिले आणि बायका रांगेने हात पुढे करू लागल्या. हाताच्या मागे एक फवारा, तोंडाने गोड हसू. प्रत्येकीचा फोटो. "किती छान हात आहे हो तुमचा," एक मला म्हणाली, "लावताना अगदी प्रसन्न वाटलं." दुसरी म्हणाली, "असं साग्रसंगीत करायला कोणी राहिलंच नाही आता." एक वयस्कर बाई होत्या, जरीच्या काठाच्या साडीतल्या, सगळ्या त्यांना काकू म्हणत होत्या. त्यांनी तर माझ्या हातून दोन्ही हातांना लावून घेतलं आणि मला आशीर्वाद दिला, अखंड सौभाग्यवती भव. मी म्हटलं, थँक यू.

सगळा हॉल निशिगंधाने भरून गेला. आणि रांग संपत आली तशा पॅन्ट्रीतून सुलभाताई बाहेर आल्या. हातात ट्रे नव्हता, काही नव्हतं. वासामागे आल्या होत्या, दुसरं काय? टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा हात जरासा वर आला, पुढे नाही केला, नुसता वर आला.

ऋतुजा झटकन मधे आली. आवाज अगदी मऊ. "आई, दूध बघता का जरा? खाली लागेल." आणि मला कानात, "मावशी, त्यांना नको. बाबा नाहीत ना. बाकीच्या बायका आहेत, कोणाला काही वाटायला नको. तुम्ही समजू शकता."

सुलभाताईंचा हात खाली गेला. वळल्या त्या. मी तो हात धरला.

"मॅडम," मी म्हटलं, मोठ्यानेच म्हटलं, "तसं असेल तर माझी मोठी चूक झाली हो. मलाही नवरा नाही. बरीच वर्षं झाली. मघापासून सगळ्यांना मीच लावतेय."

पुढे जे झालं ते आठवून मी आजही हसते. माइक चालू होता, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, मग आपापल्या हातांकडे बघितलं. मग "आम्ही काही मानत नाही हं," असं म्हणत एक बाथरूमकडे गेली. तिच्यामागे दुसरी. मग पाच-सहा. काकू सगळ्यात पुढे, गुडघेदुखी विसरून. आणि ज्या गेल्या नाहीत त्यांनी पर्समधून सॅनिटायझर काढलं. अगं बायांनो! सॅनिटायझर म्हणजे स्पिरिट, त्याने वास जातो थोडाच? तो पसरतो. आणि कढत पाण्याने हात धुतले की कातडी गरम होते आणि फूल आणखी उमलतं. चोळून चोळून, लाल हात घेऊन बायका बाहेर आल्या, तेव्हा गेल्या त्यापेक्षा जास्त घमघमत होत्या. काकूंच्या तर दोन्ही हातांना होतं.

मग मला चेव चढला. म्हटलं, आलीच आहे वेळ तर बोलून घ्यावं. मी सुरू केलं, की प्रत्येक स्त्रीचा दिवस म्हणता आणि घरातल्या स्त्रीला पातेल्यापाशी उभी करता, शिकलेल्या बायका ना तुम्ही, वगैरे वगैरे. छान रंगत होतं. पुढे या भाषणाची तक्रार मॉलपर्यंत गेली, अंकितने मला केबिनमध्ये बसवून कस्टमर सेन्सिटिव्हिटी की काय ते समजावलं, आणि सोसायटीने पुन्हा ऑर्डर दिली नाही. पण ते भाषण तसंही पुरं झालं नाही. सुलभाताईंनीच माझ्या हातावर चापट मारली.

"शैला, पुरे. गळा बसेल."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं सांगते, पोरगी वाईट नव्हती, तिला कोणी कधी उलटं विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "आई, मी मुद्दाम नाही केलं. तो वास आला की तुम्हाला बाबांची आठवण येईल, त्रास होईल, असंही वाटलं मला. त्यांच्यासाठी लावायचात ना तुम्ही."

"कोणासाठी?" सुलभाताई म्हणाल्या. आणि मग त्या हसायला लागल्या. चष्मा काढावा लागला त्यांना, एवढ्या हसल्या. "अगं, तुझ्या सासऱ्यांना हा वास सहन व्हायचा नाही! डोकं धरून बसायचे. म्हणायचे, सुलभे, घरात लग्न आहे की मयत? जन्मभर माझ्याकडे पाठ करून, खिडकीला नाक लावून झोपला तो माणूस. चांगला होता बिचारा, पण या बाबतीत माझं त्याने काही ऐकलं नाही आणि मी त्याचं. तो जिवंत असताना त्याच्यासाठी हा वास सोडला नाही, मग आता तो गेल्यावर त्याच्यासाठी सोडू?"

काकू खाली मान घालून, पदराआडून, आपला हात नाकाशी नेत होत्या. मी पाहिलं.

सुलभाताईंनी पाहुण्यांसाठी मांडलेली एक खुर्ची ओढली, पुढच्या रांगेतली, आणि तिच्यावर बसल्या. दोन्ही हात माझ्यापुढे केले. मी लावलं. मनगटांना, कानांमागे, पदराच्या टोकाला. त्यांनी डोळे मिटले आणि फूल यायची वाट बघत बसून राहिल्या.

पॅन्ट्रीतून करपल्याचा वास येऊ लागला. सगळ्या जणी सवयीने सुलभाताईंकडे बघायला लागल्या.

"दूध लागलंय वाटतं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "बघा कोणीतरी."

आणि काळी साडी सावरत ऋतुजा धावली.